बलून पंप लावला म्हणजे पेशंट वाचला?

हार्ट अटॅकनंतर पेशंट शॉकमध्ये गेला (म्हणजे हृदय इतकं थकलं की शरीराला पुरेसं रक्त मिळेना), की आयसीयूबाहेर कोणीतरी हमखास म्हणतं, "बलून पंप लावलाय, आता काळजी नाही." हा समज फक्त नातेवाइकांचा नाही. डॉक्टरांमध्येही तो कित्येक वर्षं टिकला.

कारण कल्पनाच पटण्यासारखी आहे. मांडीच्या धमनीतून महाधमनीत एक लांबट फुगा सरकवतात. हृदय सैल पडलं की तो हेलियमने फुगतो आणि रक्त हृदयाच्या धमन्यांकडे रेटतो. हृदय आकुंचन पावायच्या क्षणी तो मिटतो, त्यामुळे समोरचा दाब उतरतो. (हेलियमच का? हलका असल्याने नळीतून झटकन ये-जा करतो.) पण रक्त ढकलायचं मुख्य काम त्या थकलेल्या हृदयालाच करावं लागतं.

2012 मध्ये जर्मनीतल्या 600 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. 30 दिवसांत फुगा लावलेल्यांपैकी 39.7 टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी 41.3. फरक नसल्यातच जमा.

इम्पेला पंपाची गोष्ट वेगळी. तो हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं रक्त स्वतः खेचून महाधमनीत सोडतो. 2024 च्या डॅन्जर शॉक चाचणीत 180 दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारांत 58.5 टक्के, तर पंप लावलेल्यांत 45.8 टक्के होते. लगेच हुरळून जाऊ नये. कोमातले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, आणि रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, डायलिसिसची गरज हे सगळं पंपवाल्यांत जास्त दिसलं.

बंद पडलेली धमनी तातडीने उघडणं मात्र कुठल्याही पंपामुळे टळत नाही.