सीटखालचे डाग आणि नरबळीची कुजबुज

ऑर्थोटॉलिडिन नावाचं एक रसायन आहे. डागावर लावलं आणि निळं झालं, की तिथं रक्त असण्याची शक्यता. लिंडी चेंबरलेनच्या मोटारीतले डाग निळे झाले. पुढच्या चाचणीनं तर सांगून टाकलं, की रक्त तान्ह्या बाळाचं आहे. ऑक्टोबर १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या कोर्टानं पोटच्या मुलीच्या खुनाबद्दल तिला जन्मठेप ठोठावली, तेव्हा ती पुन्हा गरोदर होती.

मुलगी अझारिया, नऊ आठवड्यांची. १७ ऑगस्ट १९८०च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावर तंबूतून नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, बाळ नेलं असं लिंडी पहिल्यापासून सांगत होती. आदिवासी मागकऱ्यांनाही वाळूत डिंगोच्या पायांचे ठसे दिसले. पहिल्या चौकशीत कोरोनरनं, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं, हेच मान्य केलं होतं.

मग लोकांना शंका का आली? चेंबरलेन कुटुंब सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, नवरा पाद्री. पुणेकरांना हा पंथ स्पायसर कॉलेजमुळे ठाऊक असेल: शनिवारी प्रार्थना, दारू-तंबाखू वर्ज्य, बरेचसे शाकाहारी. पण ऑस्ट्रेलियात फार थोड्यांना त्याची माहिती होती, आणि माहितीची जागा कुजबुजीनं घेतली. ‘अझारिया’ म्हणजे ‘रानात दिलेला बळी’, अशी आवई उठली. खरं तर हिब्रूत त्याचा अर्थ ‘देवानं साहाय्य केलं’ असा. बाळाला काळा झगा घालायचे, हाही पुरावाच ठरला. शिवाय बाई टीव्हीवर रडेना! आपल्याकडे सुतकातल्या बाईकडे शेजारीण जशी बघते, तशी अख्खी जनता तिच्याकडे बघत होती.

माझ्या मते खरी गोम पुढे आहे. सरकारी वकिलांनी खुनाचा हेतू सांगितलाच नाही. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की ज्युरी पुरावे सुटे सुटे तोलत नाहीत, त्यांची गोष्ट रचतात. गोष्टीत ‘का?’ची जागा रिकामी असेल, तर ती भरायला ऐकीव गोष्टी तयारच असतात.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. २००६ साली इटिएल ड्रोर यांच्या गटानं पाच ठसेतज्ज्ञांपुढे त्यांनीच पूर्वी जुळवलेले बोटांचे ठसे पुन्हा ठेवले. हे त्यांना सांगितलं नाही. उलट, एका गाजलेल्या प्रकरणात चुकून जुळवलेले हेच ते ठसे, असं सांगितलं. चौघांनी आधीचं मत बदललं. ठसे तेच होते, सोबतची गोष्ट तेवढी वेगळी होती.

आणि ते डाग? ऑर्थोटॉलिडिन तांब्याच्या धुळीनंही निळं होतं, आणि चेंबरलेन कुटुंब राहायचं माउंट आयझाला, तांब्याच्या खाणीच्या गावात. डॅशबोर्डखालचा ‘रक्ताचा फवारा’ निघाला कारखान्यात मारलेला, आवाज दाबणारा डांबरी लेप. त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांतही तो तसाच होता.

फेब्रुवारी १९८६मध्ये उलुरूवरून पडून मरण पावलेल्या एका पर्यटकाचा तपास चालू असताना, डिंगोंच्या वावराच्या जागी अझारियाचं लोकरी जाकीट सापडलं. असं जाकीट मुलीच्या अंगात होतं, हे लिंडी सुरुवातीपासून सांगत होती. काही दिवसांतच तिला सोडलं. १९८८मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या दाखल्यात डिंगोचं नाव यायला मात्र जून २०१२ उजाडला.