क्लाउड व्यवसाय-सॉफ्टवेअरची जोडणी (बेळगाव सीमाभाग)

क्लाउड व्यवसाय-सॉफ्टवेअरची जोडणी : विक्री, हिशेब आणि प्रकल्प हे तीन विभाग इंटरनेटवर चालणारी जी वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरतात, ती एकमेकांशी जोडून एकदा भरलेली माहिती तिन्हीकडे पोहोचवण्याची पद्धत. कारखान्यांत आणि सल्लागारांत ‘इंटिग्रेशन’ हाच शब्द चालतो. विक्रीचे सॉफ्टवेअर चौकशी, कोटेशन आणि ऑर्डर सांभाळते. हिशेबाचे सॉफ्टवेअर बिल, कर आणि येणे-देणे. प्रकल्पाचे सॉफ्टवेअर कामाचे टप्पे, मुदती आणि माणसांचे तास. तिघांचे पडदे वेगळे असले तरी ग्राहक तोच असतो आणि येणारा पैसाही तोच.

कर्नाटकातील बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेला महाराष्ट्रातला चंदगड, गडहिंग्लज, कागलचा पट्टा उद्योगाच्या दृष्टीने एकच प्रदेश आहे. राज्याची हद्द मधून जाते एवढेच. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर या भागांत फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. वेंगुर्ले रस्त्याने निघाले की हद्द ओलांडताच शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते. ती कोल्हापूर जिल्ह्यात येते. हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र आहे. निपाणीचा तंबाखूचा व्यापार आणि वडगाव-शहापूरचे माग यांचे प्रश्न निराळे आहेत. ही नोंद मुख्यतः ओतकाम आणि मशिनिंगच्या धंद्याला धरून आहे, कारण एकच कास्टिंग दोन राज्यांतून फिरून ग्राहकाकडे जाते आणि जोडणीची खरी परीक्षा तिथे होते.

मूळ तंत्र अर्थात इथले नाही. नेटसूट १९९८ मध्ये आणि सेल्सफोर्स १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या, तेव्हापासून हिशेब आणि विक्रीची सॉफ्टवेअर ब्राउझरमधून वापरायची सवय लागत गेली. २००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी आपल्या पीएचडी प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचना मांडली. आजचे बहुतेक एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी ठेवलेली दारे) तिच्याच वळणाने जातात. पासवर्ड न देता एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याच्या दारात मर्यादित प्रवेश देणारे ओऑथ २.० हे मानक ऑक्टोबर २०१२ मध्ये आले. भारतात तोवर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर (कंपनीची स्थापना १९८६) घरोघरी पोहोचले होते आणि चेन्नईच्या झोहोचे सीआरएम (ग्राहक आणि विक्री सांभाळणारे सॉफ्टवेअर) २००५ पासून बाजारात होते. सीमाभागातल्या लहान कारखान्यांना यातले काहीच घाईचे वाटत नव्हते. घाई केली ती जीएसटीने.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले आणि पायरीपायरीने ती मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. पाच कोटी म्हणजे उद्यमबागेतली मध्यम फाउंड्री. ज्याचे बिल आजवर अकाउंटंटच्या संगणकातून थेट प्रिंटरवर जात होते, त्याला ते आधी सरकारी पोर्टलवर पाठवून आयआरएन हा ६४ अक्षरी क्रमांक आणि क्यूआर कोड आणणे भाग पडले. सॉफ्टवेअर बाहेरच्या यंत्रणेशी बोलते ही गोष्ट अनेक मालकांनी पहिल्यांदा पाहिली ती इथे. विक्रेत्यांच्या जाहिरातींनी जे झाले नाही, ते या एका नियमाने झाले, असे म्हणायला हरकत नाही.

एका ऑर्डरचा प्रवास पाहिला की जोडणीत काय काय येते ते कळते. समजा, पुण्याच्या पंप कारखान्याने बेळगावच्या फाउंड्रीकडे नव्या केसिंगची चौकशी केली. विक्रीवाला ड्रॉइंग घेऊन कोटेशन देतो : पॅटर्नचा (साचा काढण्याच्या नमुन्याचा) एकरकमी खर्च आणि कास्टिंगचा किलोमागे दर. ऑर्डर आली की डेव्हलपमेंटचे काम सुरू होते. पॅटर्न, कोअर बॉक्स, नमुन्याचे ओतकाम, तपासणी, ग्राहकाची मंजुरी, मग नियमित माल. इंजिनिअरिंग कारखान्यात ‘प्रोजेक्ट’ म्हणतात तो हाच. पॅटर्न ग्राहकाने मंजूर केला ही बातमी डेव्हलपमेंटवाल्याच्या फोनवर असते; तिच्यावर अवलंबून असलेले पॅटर्नचे बिल अकाउंटंटने काढायचे असते; आणि कच्च्या लोखंडाचा भाव वाढल्यामुळे ग्राहकाने मान्य केलेला नवा दर विक्रीवाल्याच्या ईमेलमध्ये पडून असतो. तिन्ही बातम्या वेळेवर एकमेकांना भेटल्या नाहीत, तर माल जुन्या दराने जातो आणि फरकाची डेबिट नोट मागाहून काढत बसावे लागते.

म्हणून जोडणीचा पहिला निर्णय तांत्रिक नसतो. कोणती माहिती कुणाच्या मालकीची, हे आधी ठरवावे लागते. ग्राहकाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक कुणी बदलायचा? दर कुणाकडचा खरा? टप्पा पूर्ण झाला असे कोण म्हणणार? चालणारी व्यवस्था साधारण अशी दिसते : संपर्क, कोटेशन आणि दर विक्रीकडे, जीएसटी क्रमांक, पतमर्यादा आणि थकबाकी हिशेबाकडे, टप्पे आणि तारखा प्रकल्पाकडे. ज्याची माहिती त्यानेच बदलायची, बाकीच्यांनी ती फक्त वाचायची. दोन्ही दिशांनी सगळेच बदलता येईल अशी जोडणी सल्लागाराच्या सादरीकरणात फार देखणी वाटते. पण दोघांनी एकाच दिवशी एकच पत्ता बदलला, की त्यातला कोणता टिकायचा याचे उत्तर तिच्याकडे नसते.

सीमाभागात या मालकीच्या वादात सर्वांत नाजूक रकाना राज्याच्या कोडचा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो : पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची. कर्नाटकाचा कोड २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. ज्याचा एक कारखाना मच्छेत आणि दुसरा शिनोळीत आहे, त्याचे पॅन एक पण जीएसटी क्रमांक दोन असतात, आणि कायद्याच्या नजरेत ते दोन वेगळे करदाते ठरतात. विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मालक एकच, फोन एकच, म्हणून ग्राहकही एकच नोंदवलेला असतो. त्यावरून हिशेबात बिल गेले की केंद्र-राज्य असा विभागलेला कर लागायचा तिथे आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा कर) लागतो, किंवा उलट. यावर उपाय म्हणजे ग्राहकाची ओळख नावावर न ठेवता जीएसटी क्रमांकावर ठेवणे आणि एका मालकाखाली दोन स्वतंत्र खाती उघडणे. नावावर विसंबण्यात इथे आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले आणि रोमन लिपीतली जुनी-नवी दोन्ही रूपे आजही याद्यांमध्ये शेजारीशेजारी नांदतात. निपाणीचे रोमन स्पेलिंगही दोन तऱ्हांनी लिहिले जाते. नाव आणि गाव जुळवून दुहेरी नोंदी शोधणारे सॉफ्टवेअर अशा ठिकाणी हमखास चकते. त्यापेक्षा पिनकोड भरवशाचा. बेळगाव जिल्ह्याचे पिन ५९० आणि ५९१ ने सुरू होतात, कोल्हापूर जिल्ह्याचे ४१६ ने. नोंदणीच्या पत्त्याचा पिन ५९१ आणि जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा असेल, तर जोडणीने तिथेच थांबून विचारावे. माल उतरवण्याचा पत्ता तपासताना मात्र नुसते विचारावे, अडवू नये. बिल एका राज्यात आणि माल दुसऱ्या राज्यात हा प्रकार इथे रोजचा आहे.

जॉबवर्कचे (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्याचे) प्रकरण याहून गुंतागुंतीचे. उद्यमबागेत ओतलेले कास्टिंग मशिनिंगसाठी शिनोळीला जाते तेव्हा विक्री झालेली नसते, म्हणून बिल नाही. डिलिव्हरी चलन निघते आणि त्यावर ई-इन्व्हॉइस लागत नाही. ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, मात्र लागते. एरवी ५० हजार रुपयांखालच्या मालाला ते लागत नाही, पण दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे पाठवलेल्या मालाला किंमत कितीही असो, ते काढावेच लागते. टेम्पो अर्ध्या तासात पोहोचतो, कागद तितकाच लागतो. शिवाय हा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला तर पाठवल्या दिवशीच तो पुरवला असे धरून कर मागितला जातो. जिग, फिक्श्चर, डाय यांना ही मुदत नाही. चलनाची तारीख जन्मते हिशेबात, पण माल परत आणण्याचा तगादा लावतो प्रॉडक्शनचा माणूस. त्यामुळे ती तारीख प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदत म्हणून आपोआप उमटणे, हा जोडणीचा इथला सर्वांत उपयोगी तुकडा आहे. आश्चर्य म्हणजे तयार जोडण्यांमध्ये तो क्वचितच सापडतो, बहुधा वेगळा लिहून घ्यावा लागतो.

चलनाबरोबर एककाचा घोळही येतो. कास्टिंग किलोने विकले जाते, मशिनिंग नगावर होते आणि प्रकल्पाच्या यादीत तो ‘पार्ट’ असतो. शिनोळीला किलोत गेलेला माल नगांत परत येतो, शिवाय कातून निघालेला चुरा वेगळा. ई-इन्व्हॉइसला ठरलेल्या यादीतले एकक लागते. प्रत्येक पार्टचे ओतल्यानंतरचे आणि मशिनिंगनंतरचे वजन एका ठिकाणी लिहून ठेवल्याशिवाय कोणतीही जोडणी हा हिशेब जुळवू शकत नाही.

ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलचा एक गुण जोडणी करणाऱ्यांनी ओळखून घ्यावा. आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांच्यावरून गणिताने काढलेला असतो. इंटरनेट मध्येच तुटले आणि सॉफ्टवेअरने तेच बिल पुन्हा पाठवले, तर पोर्टल दुसरा आयआरएन देत नाही, आधीच नोंद असल्याचे कळवते. हिशेब आणि विक्री यांच्यामधल्या जोडणीत अशी व्यवस्था आपण स्वतः करावी लागते : प्रत्येक ऑर्डरला एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि तो आधी आलेला असेल तर नवे बिल बनवायचे नाही. नाही तर एका ऑर्डरची दोन बिले बनतात आणि ती महिनाअखेरीस ग्राहकाच्या परचेसवाल्याकडून कळतात. पोर्टलवर आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर सहसा क्रेडिट नोट काढावी लागते. बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही, त्यामुळे प्रकल्पाचा कोड, पार्ट नंबर आणि वर्ष असे सगळे त्यात कोंबण्याचा मोह सुरुवातीलाच आवरावा.

टॅलीशी जोडताना वेगळीच गंमत असते. विक्री आणि प्रकल्पाचे सॉफ्टवेअर क्लाउडवर, पण हिशेब बहुधा ऑफिसातल्या एका संगणकावर. टॅली बाहेरच्या सॉफ्टवेअरशी एक्सएमएलमध्ये बोलते, नेहमीचा पोर्ट ९०००. पण त्यासाठी संगणक चालू हवा, टॅली उघडे हवे आणि त्यात योग्य कंपनी उघडलेली हवी. संध्याकाळी अकाउंटंट संगणक बंद करून गेला, की रात्री आलेल्या ऑर्डरी रांगेत थांबतात. ही रांग सांभाळणारा छोटा प्रोग्राम त्या संगणकावर बसवतात आणि सकाळी तो साचलेले व्हाउचर आत सोडतो. टॅली भाड्याच्या सर्व्हरवर नेले तर प्रश्न बराच सुटतो, खर्च मात्र दरमहा सुरू होतो.

जोडण्याच्या पद्धती थोडक्यात सांगता येतात. सर्वांत जुनी म्हणजे एकातून एक्सेल काढून दुसऱ्यात चढवणे. ती अजूनही सर्वाधिक चालते आणि लहान व्यवहाराला पुरते. फक्त ‘३-१२’ असा ड्रॉइंग नंबर एक्सेल तारीख समजून बदलून टाकते, तो रकाना आधीच मजकूर म्हणून बांधून घ्यावा. मग येतात विक्रेत्याने दिलेल्या तयार जोडण्या, झेपियरसारख्या मध्यस्थ सेवा आणि एपीआयवर स्वतः लिहून घेतलेला कोड. पाचवा रस्ता म्हणजे जोडण्याची भानगडच न ठेवता झोहो, ओडू किंवा मुंबईच्या फ्रापे कंपनीचे मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्ट यांपैकी एकाच कुटुंबातली सगळी सॉफ्टवेअर घेणे. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याला बहुतेक वेळा हाच रस्ता परवडतो. तो न धरण्याचे कारण सहसा एकच असते : अकाउंटंट आणि सीए दोघेही टॅली सोडायला तयार नसतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते.

ॲडव्हान्सच्या बाबतीत विक्री आणि हिशेब यांच्या समजुतीत फरक पडतो. मालापोटी घेतलेल्या आगाऊ रकमेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, सेवेपोटी घेतलेल्या रकमेवर भरावा लागतो. विक्रीवाला दोन्हीला ‘ॲडव्हान्स आला’ एवढेच लिहितो. डिझाइन किंवा मशिनिंगचे काम सेवेत आणि कास्टिंग मालात मोडत असल्यामुळे ऑर्डर भरतानाच प्रत्येक ओळीवर माल की सेवा हे नोंदवावे लागते. मागाहून हिशेबाला ते ओळखता येत नाही.

कायद्याच्या आणखी दोन अटी जोडणीला थेट लागू होतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी सोय ठेवणे बंधनकारक आहे. भागीदारी आणि एकल मालकीच्या पेढ्यांना ही अट नाही. जोडणीतून आलेली सगळी व्हाउचर एकाच यंत्र-वापरकर्त्याच्या नावावर पडत असतील, तर तपासनीसाला मूळ बदल कुणी केला ते दिसत नाही, म्हणून विक्रीतल्या माणसाचे नाव व्हाउचरच्या शेऱ्यात सोबत पाठवतात. तसेच हिशेबाची पुस्तके क्लाउडवर ठेवणाऱ्या कंपनीला त्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. जोडणीची चावी मात्र कुणा एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर घेऊ नये. तो नोकरी सोडून पुण्याला गेला आणि त्याचे खाते बंद केले, की त्याच संध्याकाळी बिले जाणे थांबते. त्यासाठी कारखान्याच्या नावाचा स्वतंत्र वापरकर्ता काढतात, त्याला फक्त लागणारेच अधिकार देतात आणि त्याचा पासवर्ड मालक व अकाउंटंट या दोघांकडे ठेवतात.