छर्ऱ्याकडून रायफलीकडे: एअर रायफलचं पहिलं किट

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधोमध जो पांढरा ठिपका असतो, तोच 'दहा'. त्याचा व्यास ०.५ मिमी. सोलापुरी चादरीतला एक जाडसर धागा त्यावर आडवा ठेवला तर ठिपका झाकून जातो. त्याच्याभोवती नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं, आठचं १०.५ मिमीचं, असं दरवेळी ५ मिमीने वाढत जातं. सगळा काळा भाग ३०.५ मिमीचा, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासा मोठा.

छर्रा स्वतः ४.५ मिमीचा असतो आणि त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत हवं. दशांश गुणांत मोजताना अगदी मधला नेम १०.९ धरतात आणि तिथून दर ०.२५ मिमीला एक दशांश गुण घटतो. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याचा शेवटचा नेम १०.८ होता. याचा अर्थ छर्रा केंद्रापासून फार तर अर्धा मिलिमीटर सरकला होता.

२०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं. तो प्रकार वेगळा, त्यातली रायफल पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची. पण घरात नेमबाजीचा विषय निघाला की सुरुवात बहुधा दहा मीटरपासून होते आणि पहिला प्रश्न येतो, 'रायफल कुठली घ्यायची?' आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी कागद समजून घ्यावा, मग छर्रा, मग हवा, मग रायफल. या क्रमाने गेलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप दिसतं.

छर्रा भिंगाखाली धरून बघा. पुढचं डोकं सपाट, कंबर बारीक आणि मागे परकरासारखा पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग गुण मोजताना वाद होतात. म्हणून दहा मीटरसाठी सपाट डोक्याचेच छर्रे घ्यायचे. चाप ओढला की मागून हवेचा दाब येतो, पातळ घेर फुगून नळीच्या आतल्या पिळाच्या चरांत घट्ट बसतो, हवा निसटत नाही आणि छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. डोक्याने मात्र पिळाच्या उंचवट्यांवर जेमतेम टेकून चालायचं असतं. डोकं बारीक असेल तर छर्रा नळीत तिरका होतो, मोठं असेल तर शिसं खरवडलं जातं. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे छापलेले असतात ते या डोक्याचे. एक शतांश मिलिमीटरचा फरक आपल्याला कळत नाही, पण नळीला कळतो. कुठली नळी कुठल्या आकड्यावर खूश आहे हे प्रत्यक्ष मारून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. रायफल टेकूवर घट्ट बसवायची, प्रत्येक आकड्याचे दहा-दहा छर्रे मारायचे आणि ज्या आकड्याच्या दहा छर्ऱ्यांचं मिळून भोक सगळ्यांत लहान येईल तो आपला. त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम घ्याव्यात, कारण पुढचा लॉट वेगळा निघू शकतो.

घेर चेपलेला छर्रा हा नवशिक्याचा खरा शत्रू. शिसं मऊ असतं. डबी पिशवीत हिंदकळली, हातातून पडली, की घेराला खळगी पडते. त्या खळगीतून हवा एका बाजूने आधी निसटते आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याला धक्का देते. तपासायला सोपं आहे. काचेचा तुकडा किंवा स्टीलचं ताट किंचित कलतं ठेवून त्यावर छर्रा सोडा. डोकं आणि घेर यांच्या व्यासात फरक असल्यामुळे चांगला छर्रा वळण घेत, पण सलग घरंगळतो. चेपलेला मध्येच अडखळतो. तो बाजूला काढायचा.

वजनाचं काय? रायफलचा मॅच, म्हणजे स्पर्धेचा, छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाचा थोडा हलका. सराफाकडच्यासारखा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणून छर्रे निवडत बसावं असा सल्ला अनेकदा मिळतो. हिशोब करून बघू. छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटतो असं धरलं तर दहा मीटरला त्याला ०.०५७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने १६ मिमी खाली येतो. दिदबान, म्हणजे नेम धरायची साईट, हा फरक आधीच भरून काढतं. आता एखादा छर्रा २ टक्के जड निघाला. ऊर्जा तेवढीच असेल तर वेग १ टक्क्याने घटतो आणि घसरण २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे सुमारे ०.३ मिमी. हा झाला जेमतेम एक दशांश गुण. पहिल्या वर्षी हाताचा डोल सातच्या वर्तुळाएवढा, म्हणजे १५.५ मिमीचा असतो. त्यात ०.३ मिमी शोधणं व्यर्थ आहे. काट्याचे पैसे दोन जादा डब्यांत घाला. एका डबीत बहुतेक ५०० छर्रे येतात. स्पर्धा ६० नेमांची असते, त्या हिशोबाने एक डबी आठ सरावांना पुरते.

आता हवा. इथे सोलापूरचा उन्हाळा मध्ये येतो.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुका स्वस्तात मिळतात म्हणून लोक त्यांच्याकडे वळतात. त्यांच्या नळकांड्यात वायू द्रवरूपात असतो आणि दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). ३१ अंश हे कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान. त्यापुढे द्रव उरतच नाही आणि नळकांडं किती भरलंय त्यावर दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो तिथे सकाळचा नेम आणि दुपारचा नेम एका उंचीवर पडणार नाही. सोलापुरात शिकायला हे साधन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नळी मोडून ताणायची स्प्रिंगची रायफल सगळ्यांत साधी. तिची अडचण आत आहे. चाप ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो, रायफल मागे सरकते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा ती पुढे उसळते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं, त्यामुळे पकड जराशी बदलली तरी नेम हलतो. छर्रा न घालता ती कधीही मारू नये. हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आपटतो. पिस्टनच्या कोठीत साधं तेलही सोडू नये. एकदम दाबली गेलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं आणि धूर व मोठा आवाज होतो. डिझेल इंजिन चालतं ते याच तत्त्वावर.

बाजूचा दांडा एकदा ओढून हवा दाबणारी सिंगल स्ट्रोक रायफल आम्हाला घरच्या सरावासाठी सगळ्यांत आवडते. दरवेळी तेवढीच हवा तेवढीच दाबली जाते, धक्का जवळजवळ नाही, सिलिंडर नाही. फक्त दांडा ओढून तशीच ठेवून जायचं नाही, सील खराब होतं. चांगल्या स्थितीतली जुनी मॅच रायफल मिळाली तर नवीन स्प्रिंगच्या रायफलीपेक्षा ती घ्यावी.

स्पर्धेत आज सिलिंडरची पीसीपीच, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफलच असते. सिलिंडरमध्ये २०० बार हवा आणि पुढे दाब कमी करून एकसारखा देणारा रेग्युलेटर. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशांना सुमारे २१३ बार दाखवतो, उन्हात उभ्या गाडीत ६० अंश झाले तर २२३. म्हणून गाडीत ठेवू नका आणि उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका. भरताना घाई केली तर हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. लोकांना वाटतं गळती आहे. हातपंपाने भरत असाल तर पाचेक मिनिटं पंप मारून तो थंड होऊ द्या आणि मध्ये-मध्ये साचलेलं पाणी सोडा, पावसाळ्यात तर नक्कीच. ओल आत गेली की रेग्युलेटर गंजतो. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही, तो दहा बारच्या आसपास थांबतो. आणि एमआयडीसीत सहज मिळणारा वेल्डिंगचा ऑक्सिजन चुकूनही भरायचा नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तरी स्फोट होतो. जुना सिलिंडर घेताना त्यावर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी नको.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच रायफल ८ ज्यूलच्या आसपास असते. विक्रेता 'ही जास्त पॉवरफुल' म्हणाला तर त्याने आपलं काम सोपं होत नाही, उलट धक्का वाढतो. पावती मात्र जपून ठेवा.

दिदबान निवडताना एक चूक सर्रास होते, ती म्हणजे पुढची रिंग फार बारीक घेणं. ४ मिमीची रिंग डोळ्यापासून साधारण मीटरभर अंतरावर असते, तिच्यातून दहा मीटरवरचा ३०.५ मिमीचा काळा गोल बघताना त्याला सुमारे ३ मिमी जागा लागते. भोवती अर्धा-अर्धा मिलिमीटर पांढरी कड उरते. रिंग ३.४ मिमीची केली तर कड जवळजवळ मिटते, डोळा ती शोधत राहतो, नेम थरथरतो आणि चाप उशिरा ओढला जातो. सुरुवातीला ४ मिमी किंवा त्याहून मोठीच ठेवा.

नेमबाजीचं कॅनव्हासचं जॅकेट मुलाच्या वाढत्या अंगाला म्हणून दोन माप मोठं घेऊ नका. कॅनव्हास पाठीला आधार देतो तो अंगाला बसला तरच. पहिले तीन महिने क्लबचं वापरा, मग मापाने शिवून घ्या. नियमाने कापडाचा एक थर २.५ मिमीपेक्षा जाड चालत नाही, हे शिंप्याला आधी सांगा.

घरी सरावाला नेम धरण्याच्या रेषेपासून कागदापर्यंत पूर्ण १० मीटर हवेत आणि मागे उभं राहायला दोनेक मीटर. बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एवढी लांबी सहज मिळते. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर, त्यावर किमान १५०० लक्स प्रकाश. दगडी भिंतीवर थेट कागद चिकटवू नका, छर्रा परत येतो. मागे पोलादी पत्रा असलेली लाकडी पेटी करा आणि पुढे मागावरच्या चिंध्या गच्च दाबून भरा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. चिंध्या ठरावीक दिवसांनी बदलताना आतलं शिसं वेगळं काढा आणि तिथली जमीन कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. शिशाची धूळ नाकातोंडात जाते आणि मुलांना ती जास्त बाधते. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच मोडा. सराव संपल्यावर हात साबणाने धुवायचे, मगच शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडायचा.