पित्त उठलं म्हणजे नक्की काय उठलं? हिस्टामिनची मागची गोष्ट

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणतात आणि जेवणानंतर छातीत जळजळलं तरी "पित्त झालं"च म्हणतात. एकाला आमसुलाचं पाणी चोळायचं, दुसऱ्याला थंड दूध प्यायचं. लहानपणी मला हे अगदीच अडाणीपणाचं वाटायचं, कातडी कुठे आणि पोट कुठे, दोन्हीला एकच नाव कसं काय. नंतर हिस्टामिन या शरीरातल्याच एका रसायनाबद्दल वाचलं तेव्हा मुकाट बसावं लागलं, कारण गांधींमागेही तेच आणि पोटात ॲसिड सुटण्यामागेही तेच. (आता "आयुर्वेदातलं पित्त म्हणजेच हिस्टामिन" असा फॉरवर्ड बनवू नका कुणी, शब्दाचा योगायोग आहे फक्त.)

गंमत म्हणजे हा पदार्थ आधी लॅबमध्ये बनला आणि शरीरात नंतर सापडला. १९०७ मध्ये विंडाउस आणि फोग्ट या दोघांनी जर्मनीत तो तयार केला तेव्हा त्याचा उपयोग काय हे कुणालाच माहीत नव्हतं. मग १९१० मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल आणि बार्जर यांना तो अर्गटच्या अर्कात मिळाला, अर्गट म्हणजे राय नावाच्या धान्याच्या कणसावर येणारी बुरशी. डेल आणि लेडलॉ यांनी प्राण्यांना तो टोचून पाहिला तर गिनीपिगच्या श्वासनळ्या आवळल्या, इतर प्राण्यांचं बीपी धाडकन खाली आलं. हे दृश्य त्यांना ओळखीचं वाटलं.

ओळखीचं का, तर त्याच्या आठेक वर्षं आधी फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिए यांनी असंच काहीतरी पाहिलेलं. मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास सुरू झाला, पुढे पॅरिसला येऊन समुद्रफुलाचं (सी ॲनिमोन या समुद्री जीवाचं) विष कुत्र्यांना टोचायचे, कल्पना अशी की थोडं थोडं देत गेलं की सवय होईल. पण नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा तेवढाच छोटा डोस दिला आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. सवय व्हायच्या ऐवजी उलटंच झालं. रिशेने त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हटलं, १९१३ चं नोबेल त्यालाच. "ॲलर्जी" हा शब्द मात्र व्हिएन्नाच्या पिर्केचा, १९०६ चा, आणि आज आपण तो ऑफिसातल्या बॉसलासुद्धा वापरतो.

पण साम्य दिसलं म्हणून सिद्ध थोडीच होतं. हिस्टामिन शरीरात मुळातच असतं की कुजताना तयार होतं यावरच बरीच वर्षं घोळ होता. १९२७ मध्ये डेल, बेस्ट वगैरेंनी ताज्या यकृतातून आणि फुफ्फुसातून ते काढून दाखवलं (बेस्ट म्हणजे इन्शुलिनच्या शोधातलाच). १९३२ च्या सुमाराला ॲनाफिलॅक्सिसमध्ये प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातूनच ते सुटतं हे दिसलं. कुठून सुटतं, तर मास्ट सेलमधून, हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी सांगितलं. या पेशी पॉल एर्लिशने १८७८ मध्येच पाहिलेल्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या होत्या म्हणून त्याला वाटलं या खाऊन पिऊन सुखी असणार, नावही तसंच दिलं (जर्मनमध्ये मास्ट म्हणजे खाऊ घालून लठ्ठ करणं). त्या पोटात दारूगोळा घेऊन बसल्यात हे कळायला पाऊणशे वर्षं गेली! आणि त्या दारूगोळ्याची वात म्हणजे आयजीई ही अँटीबॉडी, ती १९६० च्या दशकात सापडली, अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीला आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांना वेगवेगळी.

औषधांचं थोडक्यात सांगतो. पहिलं अँटीहिस्टामिन १९३७ चं, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बोवे आणि श्टाउब यांचं, पण ते माणसाला देण्यासारखं नव्हतं, माणसांना चालणारं १९४२ मध्ये आलं. मात्र ही औषधं गांधी बसवायची आणि पोटातलं ॲसिड तसंच राहायचं. हे कोडं जेम्स ब्लॅकने १९७२ मध्ये सोडवलं, हिस्टामिनला पोटात वेगळं कुलूप असतं, त्याची किल्लीही वेगळी लागते. त्यातूनच सिमेटिडिन, रॅनिटिडिन, फॅमोटिडिन ही घराणी निघाली. म्हणजे घरातल्या औषधाच्या डब्यात सेट्रिझिन आणि फॅमोटिडिन शेजारी पडलेले असतील तर दोन्ही हिस्टामिनवरचीच. (घसा सुजून श्वास अडकायला लागला तर मात्र सेट्रिझिनच्या भरवशावर राहायचं नाही, तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, कारण मास्ट सेल हिस्टामिनशिवाय अजून बरंच काही बाहेर टाकतात.)

आता खाण्याचं, आणि खरी गल्लत इथेच होते. वर सांगितलं ते सगळं शरीर स्वतः हिस्टामिन सोडतं त्याचं. पण ते बाहेरून तयार होऊनही पोटात जाऊ शकतं. बांगडा, कुपा, तारली अशा काळसर मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो ॲसिड भरपूर असतं, मासा बर्फाविना राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करून टाकतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकणं, गांधी, जुलाब. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी यावर बरंच काम केलं. वाईट भाग असा की हे हिस्टामिन तळून, उकळून, डबाबंद करूनही जात नाही आणि दर वेळी वास येतोच असंही नाही. कोडेक्सने (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) माशाला किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय ती यासाठीच. माझी एक मावशी वर्षानुवर्षं "मला बांगड्याची ॲलर्जी" सांगायची, पण माहेरी सकाळी होडीतून उतरलेला बांगडा दोन-दोन खायची, काही व्हायचं नाही. तिला ॲलर्जी असती तर ताज्या माशानेही उठलं असतं ना.

बाहेरून आलेलं हिस्टामिन आतड्यात मोडणारं एन्झाइमही असतं, त्याचा माग बेस्टनेच १९२९-३० मध्ये लावला, आज त्याला डीएओ (डायअमाइन ऑक्सिडेज) म्हणतात. ते अडलं तर काय होतं हे १९७० च्या दशकात श्रीलंकेत दिसलं. टीबीच्या पेशंटना आयसोनियाझिड चालू होतं, त्यांनी कुप्यासारखा मासा खाल्ला की तोंड लाल, धडधड, डोकेदुखी. ही गोळी डीएओला अडवते. आपल्याकडे टीबी आणि मासे दोन्ही किती आहेत बघा, तरी हे घरी सांगितलेलं मी क्वचितच ऐकलंय.

यातूनच पुढची कल्पना, काही लोकांत डीएओ मुळातच कमी पडत असेल तर जुनं चीज, वाइन, आंबवलेले पदार्थ त्यांना बाधत असतील. १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात यारिश वगैरेंनी हिस्टामिन टाळणारा आहार देऊन पाहिला, २००७ मध्ये माइन्ट्स आणि नोवाक यांच्या लेखाने "हिस्टामिन इन्टॉलरन्स" हे नाव सगळीकडे पसरलं. पण माशाची विषबाधा जितकी पक्की तितकं हे पक्कं नाही. रक्तातल्या डीएओची टेस्ट विकली जाते, तिच्यावरून निदान करता येत नाही असं जर्मन ॲलर्जी तज्ज्ञांनी लिहूनच ठेवलंय. त्यामुळे नेटवरची "हे खाऊ नका"वाली लांबलचक यादी बघून टोमॅटो, पालक, वांगं, दही सगळं एकदम सोडण्याआधी कधी काय खाल्लं आणि काय झालं हे वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा, काही आठवडे बंद करून एकेक परत सुरू करून पाहा, सध्या तरी एवढाच रस्ता आहे.