सां-गार्दची तलवार फ्रान्सबाहेर नेताना

फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनचं अंगरक्षक घोडदळ म्हणजे ‘सां-गार्द’. आपल्याकडच्या हुजुरातीसारखंच म्हणा. १८५४ मध्ये उभं राहिलं आणि १८७० मध्ये साम्राज्याबरोबरच संपलं. त्यांची सरळ, जवळपास मीटरभर पात्याची तलवार कार्बाइनच्या, म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीच्या, तोंडाला बसवली की तिचाच भाला व्हायचा. अशी तलवार फ्रान्समध्ये विकत घ्यायला परवाना लागत नाही, अठरा वर्षं पूर्ण असली की झालं. सबळ कारणाशिवाय ती जवळ बाळगून फिरता मात्र येत नाही.

खरी कागदपत्रं लागतात ती देशाबाहेर नेताना. वस्तू जुनी आणि ठरावीक किमतीच्या वरची असेल, तर फ्रेंच सांस्कृतिक मंत्रालयाचं निर्यात प्रमाणपत्र हवं, मग ती शेजारच्या जर्मनीत का जाईना. युरोपीय संघाबाहेर न्यायची तर त्यावर आणखी एक निर्यात परवाना. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंसाठी त्याची मर्यादा ५०,००० युरो आहे. फ्रान्सच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि बदलतातही, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहा.

अर्ज मालकानं करायचा किंवा लेखी अधिकारपत्र असलेल्या प्रतिनिधीनं. सोबत ओळखपत्र, लिलावाची पावती, मापं, स्पष्ट फोटो आणि आधीच्या मालकांची जेवढी मिळेल तेवढी माहिती जोडा. पात्याच्या पाठीवरची कोरीव ओळ फोटोत नक्की यायला हवी. तिथे फ्रान्समधल्या शात्तेलरो गावच्या शस्त्र कारखान्याचं नाव आणि ‘शाही’ या अर्थाचा फ्रेंच शब्द सापडला तर बरं. साम्राज्य पडल्यावर तो शब्द गेला, त्यामुळे तिथे नंतरचं साल दिसलं तर खिशात हात घालण्याआधी जाणकाराला दाखवा. नकलांना तोटा नाही.

उत्तरासाठी चार महिने धरा. शंभरीपार वस्तूचं प्रमाणपत्र कायमचं असतं. नकार आला, म्हणजे तलवार ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरली, तर तीस महिने ती बाहेर नेता येत नाही. तेवढ्या काळात सरकार ती विकत घेण्याचा प्रस्ताव देऊ शकतं.

भारतात आणणार असाल तर शस्त्र कायदा, १९५९ चं कलम १० वाचा: शस्त्र आयात करायला परवाना लागतो. कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सवलत आहे खरी, पण विमानतळावर हुज्जत घालून ती मिळत नाही. तलवार निघण्याआधीच कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या.