फाइलमधलं डिफाइन आणि बिल्डमधलं डिफाइन

रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डांचं फर्मवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये नवी मुलं आली की एक प्रश्न ठरलेला: "सर, डिफाइन तर केलंय, मग लागू का होत नाही?" डिफाइन केलेलं असतंच. जागा चुकलेली असते.

कंपाइल होण्याआधी कोडमधल्या नावांच्या जागी त्यांच्या किमती घालणारा टप्पा म्हणजे प्रीप्रोसेसर. त्याला एखादं नाव आणि त्याची किंमत दोन ठिकाणांहून सांगता येते; हेच डिफाइन करणं. एक तर सोर्स फाइलमध्ये हॅश-डिफाइनची ओळ लिहायची, नाहीतर आयडीईच्या (कोड लिहून बिल्ड करायच्या प्रोग्रामच्या) बिल्ड सेटिंगमध्ये ते भरायचं. तिथून ते 'वजा डी' (-D) या ऑप्शनने कंपायलरकडे जातं. व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीप्रोसेसर डेफिनिशन्स' नावाचा रकाना आहे, प्लॅटफॉर्मआयओत 'बिल्ड फ्लॅग्ज'ची ओळ. फाइलमधल्या डिफाइनचा अंमल त्या ओळीपासून खाली आणि तेवढ्याच फाइलपुरता चालतो. बिल्डमधलं डिफाइन प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीच्याही आधी हजर असतं.

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीच्या पंपघरातला वीजमीटर अर्डुइनो उनो आर3 या छोट्या कंट्रोलर बोर्डाने मॉडबसवर (अशा उपकरणांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) वाचायचाय. मॉडबस आरटीयूची फ्रेम, म्हणजे एक अख्खा निरोप, 256 बाइटपर्यंत जाऊ शकते, आणि उनोच्या सीरियल पोर्टचा येणाऱ्या डेटासाठीचा बफर मुळात 64 बाइटचा. 9600 बॉडच्या वेगाला सेकंदाला साधारण 960 बाइट येतात. प्रोग्राम दुसऱ्या कामात अडकला तर बफर 70 मिलिसेकंदांच्या आत भरतो आणि पुढचे बाइट गळतात. मग कुणीतरी स्केचच्या (अर्डुइनोच्या प्रोग्राम फाइलच्या) माथ्यावर हॅश-डिफाइन करून त्या बफरच्या आकाराच्या नावापुढे 256 लिहितं. फरक शून्य.

कारण आयडीई स्केचच्या आधी अर्डुइनोचं मुख्य हेडर आपणहून जोडतो, आणि तिथे 64 ठरून गेलेले असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बफर प्रत्यक्षात हाताळणारा कोड कोअरच्या (अर्डुइनोच्या तयार कोडच्या) वेगळ्या सीपीपी फाइलमध्ये आहे. ती स्वतंत्रपणे कंपाइल होते. तुमच्या स्केचमध्ये काय लिहिलंय हे तिला कळायला मार्गच नाही. 'पुन्हा डिफाइन होतंय' अशी वॉर्निंग येते खरी, पण वॉर्निंग बंद ठेवल्या असतील तर तीही दिसत नाही. तेच 256 बिल्ड फ्लॅगमधून दिले की कोअरसकट सगळ्या फाइलींना एकच आकडा मिळतो. हेडरमध्ये 'आधी ठरलेलं नसेल तरच' अशी अट असल्यामुळे तो टिकतोही. (उनोची एकूण रॅम 2 केबी, हे मात्र आकडा वाढवताना लक्षात असू द्या.)

किंमत न देता नुसतं नाव लिहिलं तर आणखी एक गंमत होते. फाइलमध्ये ते रिकामं राहतं, वजा डीने दिलं तर त्याची किंमत 1 होते. त्यामुळे नुसत्या 'हॅश-इफ' या प्रीप्रोसेसरच्या अटीने तपासणारा कोड एका पद्धतीने चालतो आणि दुसरीने एरर देतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर मात्र कुणीच ओरडत नाही, कारण अनोळखी नावाला हॅश-इफ मुकाट्याने 0 धरतं.

एवढं वाचून सगळंच बिल्ड सेटिंगमध्ये नेऊन टाकू नका. तिथलं डिफाइन कोड वाचणाऱ्याला दिसत नाही. बहुतेक आयडीईंमध्ये डीबग आणि रिलीज यांची सेटिंग वेगळी असते. एकात भरलं आणि दुसऱ्यात राहिलं की टेबलावर चालणारा बोर्ड साइटवर वेगळा वागतो. स्ट्रक्चरमधला एखादा ॲरे त्या आकड्यावर बेतलेला असेल आणि लायब्ररी जुन्या आकड्याने कंपाइल झालेली असेल, तर लिंकर बिनतक्रार दोन्ही जोडतो आणि मेमरी भलतीकडेच लिहिली जाते. साधी मेकफाइल असेल तर आणखी सांभाळा: ती वाचून बिल्ड करणारा मेक हा प्रोग्राम फक्त फाइलींच्या वेळा बघतो, फ्लॅग बदलल्याचं त्याच्या गावीही नसतं. क्लीन करूनच, म्हणजे आधी तयार झालेल्या फाइली पुसूनच, बिल्ड करा.

माझा कल असा: बोर्ड, ग्राहक किंवा साइटप्रमाणे बदलणारं ते बिल्डमध्ये, बाकी हेडरमध्ये. बिल्डमध्ये जे जातं त्याची डीफॉल्ट किंमतही हेडरमध्ये अटीसह लिहिलेली हवी, म्हणजे शोधणाऱ्याला निदान नाव तरी सापडतं. आणि वाद झालाच तर जीसीसी या कंपायलरला 'वजा डीएम' (-dM, यातला d लहान) आणि 'वजा ई' (-E) हे ऑप्शन एकत्र द्या. त्या फाइलच्या शेवटी लागू असलेल्या सगळ्या डिफाइनांची यादी किमतींसकट समोर येते.