पार्श्वभूमी : ‘बॉर्डरवरचा थायरॉइड’ आला कुठून?

‘तिला थायरॉइड निघाला’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली जातात. एकात गळ्यातली थायरॉइड ग्रंथी खरोखर कमी पडलेली असते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूखालच्या ग्रंथीचं संप्रेरक, भरपूर वाढलेलं. टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक थायरॉक्सिन, खाली गेलेलं. दुसऱ्यात टी-४ जागेवर असतं आणि फक्त टीएसएच थोडं वर सरकलेलं असतं. याला डॉक्टर ‘सबक्लिनिकल’ म्हणतात, घरोघरी ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतात. उपचारांबद्दलचा बहुतेक गोंधळ या दुसऱ्या गटापाशी आहे आणि त्याचं मूळ गेल्या पन्नास वर्षांत सापडतं.

त्याआधीचं थोडक्यात. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये एका डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका महिलेला टोचला. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. पुढे डुकराची वाळवलेली ग्रंथी गोळ्यांच्या रूपात आली. १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळं काढता आलं, १९२०च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार झालं. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी त्याच वंशातली.

तेव्हा डोस ठरायचा तो मुख्यतः माणसाकडे पाहून. नाडी किती मंद, त्वचा किती कोरडी, आवाज किती घोगरा, थंडी किती वाजते, यावर. १९६०-७०च्या दशकांत टीएसएच रक्तात मोजता येऊ लागलं आणि लक्षात आलं की अनेकांना गरजेपेक्षा जास्त औषध जातंय. रोजचे २०० मायक्रोग्रॅम आणि त्याहून मोठे डोस १०० ते १५०च्या आसपास उतरले. हा खरा फायदा होता, कारण जादा थायरॉक्सिन हाडं झिजवतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. पण त्याच काळात रुग्णाच्या तक्रारीचं वजन कमी होत गेलं आणि रिपोर्टमधल्या एका आकड्याचं वाढत गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तो आकडा कितीपर्यंत ठीक? खरी ओढाताण इथेच झाली. बरीच वर्षं वरची मर्यादा साडेचार-पाचच्या आसपास धरली जायची. २००२-०३ मध्ये अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी मांडलं की ज्यांच्यात थायरॉइडच्या विकाराची कोणतीच खूण नाही, अशा माणसांचं टीएसएच बहुतेक अडीचच्या आतच असतं. तेव्हा मर्यादा अडीच-तीनवर आणावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की असं केलं तर एका रात्रीत लाखो धडधाकट माणसं रुग्ण ठरतील आणि त्यांना गोळीने काही फायदा होतो याचा पुरावा नाही. २०१२च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये मर्यादा पुन्हा चारच्या थोडी वर गेली.

या वादात दोन साध्या गोष्टी मागे पडल्या. टीएसएच दिवसभर एकसारखं राहत नाही. रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. आणि वयाबरोबर ते चढतं. ऐंशीच्या पुढच्या निरोगी माणसात सात हा आकडाही बसू शकतो. २०१७ मध्ये ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सबक्लिनिकल गटात वर्षभराने खरी गोळी घेणाऱ्यांचा थकवा आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा थकवा यात फरक नव्हता. ज्यांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज असतात, त्यांचं मात्र वेगळं आहे. न्यूकॅसलच्याच परिसरात १९७२ पासून गावकऱ्यांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. ज्या स्त्रियांचं टीएसएच वाढलेलं होतं आणि अँटीबॉडीजही होत्या, त्यांच्यापैकी दरवर्षी साधारण ४ टक्क्यांची ग्रंथी पूर्ण कमी पडत गेली. अशांवर लक्ष ठेवायलाच हवं.

गरोदरपणात हा गुंता आणखी वाढला. २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी अडीचची मर्यादा सांगितली गेली. २०१७ मध्ये ती सैल होऊन स्थानिक मर्यादा नसेल तर चार धरा, असं झालं. मधल्या वर्षांत किती जणी गोळीवर गेल्या असतील! माझ्या वहिनीची २०१२ची फाइल अजून घरात आहे. टीएसएच ३.१, शेजारी प्रयोगशाळेची छापील मर्यादा ५.५ पर्यंत आणि त्यावर निळ्या पेनाने गोल करून लिहिलेलं ‘२.५’. रोज २५ मायक्रोग्रॅम सुरू झालं. बाळंतपण झालं, मुलगी शाळेत गेली, गोळी चालूच. ‘थांबवायची का?’ हे नऊ वर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी नव्या डॉक्टरांनी बंद करून सहा आठवड्यांनी तपासलं तर आकडा ३.४.

त्याच घरात माझी आई. सतत थंडी, बद्धकोष्ठ, पायऱ्या चढताना दम. वर्षभर तिला ‘वय झालं, एवढं होणारच’ एवढंच ऐकायला मिळालं. तपासलं तेव्हा टीएसएच ६८ होतं. नात्यात मात्र दोघींबद्दल एकच वाक्य, ‘दोघींना थायरॉइड आहे.’

‘आयोडीनचं मीठ खाऊनही हे कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. मिठाची मोहीम मुख्यतः गलगंडाविरुद्धची. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग झाला, १९६२ मध्ये देशव्यापी कार्यक्रम आला. खाण्याच्या बिनआयोडीन मिठावरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये परत लागू झाली. पण आज शहरांत ग्रंथी मंदावण्याचं एक मोठं कारण शरीराच्या स्वतःच्याच अँटीबॉडीज हे आहे आणि त्यावर मिठाचा इलाज नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथी मंदावलेल्यांचा तिचा ‘११ टक्के’ हा आकडा सगळीकडे दिला जातो, पण सबक्लिनिकल गट, साधारण ८ टक्के, त्यात वेगळा मोजला होता हे क्वचित सांगितलं जातं. पाहणीला पाठबळ थायरॉइडची गोळी विकणाऱ्या कंपनीचं होतं, तेही वाचकाला माहीत असावं.

टीएसएच नीट होऊनही ज्यांचा थकवा जात नाही, त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. टी-४ सोबत टी-३, म्हणजे थायरॉइडचं दुसरं संप्रेरक, द्यावं, या कल्पनेला १९९९च्या एका छोट्या चाचणीने जोर दिला. नंतरच्या बहुतेक चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये तर टी-३च्या एका पाकिटाची किंमत २००९ ते २०१७ या काळात २० पौंडांवरून २४८ पौंडांवर गेली, सरकारी सेवेत ते मिळणं अवघड झालं आणि २०२१ मध्ये किंमत वाढवणाऱ्या कंपनीला आणि तिच्या आधीच्या मालकांना मोठा दंड झाला. आजारी माणसांची तक्रार तोवर अनेकदा मनाचा खेळ ठरवली गेली होती.

अशा वेळी डोस वाढवण्याआधी गोळी पोटात नीट जाते का हे पाहावं लागतं. आईचा आकडा गोळी चालू असूनही ९च्या खाली येईना. ती पहाटे साडेपाचला गोळी घ्यायची, लगेच दुधाचा चहा आणि नाश्त्यानंतर हाडांसाठीचं कॅल्शियम. चहा तासभर पुढे ढकलला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेलं. डोस तोच ठेवला. दोन महिन्यांनी २.८ आलं आणि मार्चमध्ये तिने कपाटातली शाल धुऊन वर ठेवून दिली.